खालचा आकडा विचारा

वाचकाचं पत्र:

"मामांनी वापरून वापरून जुनी केलेली एक छोटी गाडी माझ्या वाट्याला आली आहे. इंजिन ठणठणीत आहे, पण पुढच्या दोन्ही दारांचा तळ गंजून चाळणी झालाय, डिकीत जादा टायर ठेवायच्या खळग्याला दोन भोकं आहेत आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा तळहाताएवढा पत्रा नुसत्या रंगाच्या जोरावर टिकून आहे. डेंटरकडे न देता हे स्वतः शिकून करायचं ठरवलं आहे. घाई अजिबात नाही. दाजी म्हणतात, 'माझं रॉडचं मशीन घेऊन जा, आमचं फाटक त्यानंच जोडलंय.' दुकानदार म्हणतो, बिनगॅसचं मिग घ्या, सिलिंडरची कटकट नको, २५० अँपिअरचं आहे, आयुष्यभर पुरेल. एक मैत्रीण म्हणते, शिकायचंच तर टिग शिक. मी आजवर सोल्डरिंगच्या पलीकडे काही केलेलं नाही. कोणतं मशीन घेऊ? आणि दारं गाडीवरून उतरवू की जागेवरच काम करू?
— पत्र्यापाशी अडलेली"

ताई,

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. गॅसवर चालणारं छोटं मिग मशीन घ्या, म्हणजे ज्याच्या हातात धरायच्या टॉर्चमधून तार आपोआप पुढे येते आणि तीच वितळून जोड भरते. १५० ते १८० अँपिअरचं पुरे. त्यात ०.६ मिमी तार चालली पाहिजे, आणि ३० अँपिअरला किंवा त्याहूनही खाली ते न अडखळता जळलं पाहिजे. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. दुकानदारानं तुम्हाला २५० सांगितले, तो वरचा आकडा. तुम्ही त्याला खालचा विचारा. बहुतेकदा त्याला तो पाठ नसतो. मशीनच्या मागच्या पाटीवर छापलेला असतो, तिथे स्वतः वाचा.

आता कारण. दाराचं बाहेरचं अंग, बॉनेट, मडगार्ड हे सगळं ०.७ ते ०.८ मिमी पत्र्याचं असतं. झेरॉक्सचे सात-आठ कागद एकावर एक ठेवून चिमटीत धरा, तेवढी ती जाडी. फ्लोअर थोडा जाड, ०.८ ते १ मिमी. हे नव्या पत्र्याचं झालं. तुमच्या दाराचा तळ गंजानं खाऊन किती उरलाय ते तुम्हीच बघताय. जुना ठोकताळा असा की साध्या पोलादाला जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर लागतात. म्हणजे तुमच्या दाराला तीसेक अँपिअर हवेत. २५० अँपिअरचं मशीन सहा मिमी जाडीची पट्टी लीलया जोडेल, पण ते ५० च्या खाली उतरतच नसेल तर तुमच्या दाराला ते फक्त भोकं पाडेल.

हे मी अनुभवानं सांगतोय. माझं पहिलं मशीन असंच 'मोठं' होतं, बिनगॅसचं. पहिल्याच दिवशी मडगार्डवरचं करंगळीएवढं भोक बुजवायला बसलो. ट्रिगर दाबला की कडा वितळून मागे सरकायची, भोक वाढायचं. ते भरायला पुन्हा ट्रिगर. तासाभरात त्या भोकातून माझी मूठ जात होती. मला वाटलं, हात वाईट आहे. हात वाईट होताच, पण सर्वांत खालच्या खुंटीवरही ते मशीन त्या पत्र्याला झेपेल त्याच्या दुप्पट आग ओकत होतं, हे कळायला मला वर्ष लागलं.

दाजींच्या मशीनबद्दल. त्याचा अपमान करायचा नाही. फाटक, ग्रिल, टेबलाचे पाय यांना रॉडसारखी गोष्ट नाही, वारा असला तरी चालते आणि थोडाफार गंजही खपवून घेते. पण नेहमीचा २.५ मिमीचा रॉड नीट जळायला ६० ते ९० अँपिअर मागतो. १.६ मिमीचे बारीक रॉड असतात, ते ३०-४० वर जळतात, आणि मुरलेला हात त्यांनी पातळ पत्राही जोडतो. नवशिक्याचं मात्र तिथे हमखास अडतं. पातळ पत्र्याला अर्ध्या सेकंदाचा एकच टाका हवा असतो. रॉडला आधी घासून ठिणगी पाडा, तो चिकटला की हिसका देऊन सोडवा, टाका पडला की वरची खपली हातोडीनं ठोकून काढा, मग पुढचा टाका. अर्धा सेकंद हा हिशेब त्यात बसत नाही. ते मशीन उसनं आणाच, पण उतरवलेलं दार ठेवायला एक घोडी बनवायला. जाड अँगल जोडताना आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामधली विजेची ज्योत, म्हणजे काय, वितळलेलं डबकं कसं दिसतं, हे डोळ्याला कळेल.

बिनगॅसच्या मिगचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पहिल्या खरेदीत लोक इथेच फसतात. या मशीनची तार पोकळ असते आणि पोटात फ्लक्सची पूड असते. ती जळून जो धूर होतो, तोच वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. शेतात, छपरावर, वाऱ्यात ही फार कामाची सोय. पण ही तार ०.८ मिमीपेक्षा बारीक सहसा मिळत नाही, ती जळते गरम, ठिणग्या चौफेर उडवते आणि जोडावर खपली ठेवते. पातळ पत्र्याला हे सगळंच नको असतं. शिवाय अशा तारेला टॉर्च निगेटिव्हला लागतो आणि गॅसवरच्या भरीव तारेला पॉझिटिव्हला. काही स्वस्त बिनगॅस मशीनमध्ये ही अदलाबदल करताच येत नाही. म्हणून दुकानात दोन गोष्टी बघा. मागे गॅसची नळी लावायची जागा आहे का? आणि आत पोलॅरिटी उलटी करता येते का? दोन्हींना 'हो' असेल तर मशीन दोन्ही तारा चालवेल. एकालाही 'नाही' असेल तर परत फिरा.

नावांचा घोळ मिटवून टाकू. डेंटर ज्याला 'सीओटू वेल्डिंग' म्हणतात, ते हेच. १९४८ साली अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत ही पद्धत तयार झाली ती अ‍ॅल्युमिनियमसाठी, महागड्या निष्क्रिय वायूच्या आवरणात. पोलादाला तो खर्च परवडेना. १९५३ च्या सुमारास कार्बन डायऑक्साइडनंही भागतं हे दिसलं आणि तिथून ती गॅरेजात शिरली. पुस्तकी भाषेत अशा गॅसवरच्या वेल्डिंगला 'मॅग' म्हणतात. पाटीवर मिग, मॅग, मिग-मॅग काहीही असलं तरी बिचकू नका.

तुमची मैत्रीण टिगबद्दल चुकीचं सांगत नाही. त्यात टॉर्चमधलं टोक वितळत नाही, भरणीची तार आपण वेगळी हातानं देतो. टिगचा जोड मऊ असतो, हातोडीखाली ठोकून पत्र्याच्या पातळीत आणता येतो, ठिणगी उडत नाही. पण एका हातात टॉर्च, दुसऱ्यात भरणीची तार, पायाखाली पेडल, आणि पत्रा आरशासारखा स्वच्छ. तुम्ही गाडीखाली उताणं पडलेल्या, वरून गंजाची भुकटी गळतेय, तिथे टिग कसं चालवणार? दुसरं मशीन म्हणून घ्या, पहिलं म्हणून नको. जुने उस्ताद गॅसच्या ज्योतीवर, ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीनवर, असे जोड करत की शोधून सापडत नसत. पण ती आग पसरते, पत्रा सगळीकडून वाकतो, आणि अ‍ॅसिटिलीनचं सिलिंडर घरी ठेवण्याची जोखीम मी कुणालाही सुचवणार नाही.

आता पाटी वाचूया. खालचा आकडा पाहिला. त्याच्या शेजारी 'ड्यूटी सायकल' असते. १५० अँपिअरला २० टक्के म्हणजे दहा मिनिटांत दोन मिनिटं वेल्डिंग आणि आठ मिनिटं विश्रांती. हा आकडा ४० अंश तापमानाला मोजलेला असेल तरच त्यावर विश्वास ठेवा. पण खरं सांगू? तुमच्या कामाला याची फारशी चिंता नाही. तुम्ही टाके मारणार, मधे थांबणार, ३० ते ५० अँपिअरवर राहणार. मशीन गरम व्हायच्या आधी पत्रा तुम्हाला थांबवेल.

इन्व्हर्टर (दिवे गेल्यावरचा बॅटरीचा नव्हे, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारं वेल्डिंग मशीन) की ट्रान्सफॉर्मर? नवे छोटे इन्व्हर्टर आठ-दहा किलोचे, करंट बारीक बारीक चढवता-उतरवता येतो. जुनी ट्रान्सफॉर्मर मशीनं वीस-पंचवीस किलोंची आणि चार-सहा खुंट्यांची. अनेकदा तुम्हाला हवा तो करंट नेमका दोन खुंट्यांच्या मधे असतो. पातळ पत्र्याला म्हणून इन्व्हर्टर बरा. तरीही चांगल्या नावाचं, नीट जपलेलं जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन आणि सुमार बनावटीचं नवं इन्व्हर्टर यांत निवडायचं झालं, तर मी डोळे झाकून जुनं उचलेन. इन्व्हर्टरची एक खोड लक्षात ठेवा: त्याचा पंखा ग्राइंडरची लोखंडी धूळ आत ओढतो, आणि ती धूळ वीज वाहते. ग्राइंडर चालू असताना मशीन दूर सरकवा.

एका डब्यात मिग, टिग, रॉड असं तिन्ही देणारी मशीनं दुकानदार पुढे करेल. वाईट नसतात, पण त्यांतलं टिग बहुधा टॉर्च टेकवून आर्क पेटवायचं असतं आणि पेडल नसतं. त्या लोभानं मिगच्या बाजूची तडजोड करू नका.

मिग मशीनमधला निम्मा जीव तार ढकलणाऱ्या यंत्रणेत असतो, आणि दुकानात तिकडे कुणी बघत नाही. झाकण उघडा. रोलर बसवलेला पाट धातूचा आहे की प्लॅस्टिकचा? प्लॅस्टिक दाबाखाली वाकतं, तार कधी सुटते कधी अडते, आणि टाका दर वेळी वेगळा पडतो. ०.६ मिमीची खाच असलेला रोलर सोबत आहे का, विचारा. नसेल तर वेगळा मिळतो का? रीळ किती मोठं बसतं? एक किलोचं छोटं रीळ शिकताना ठीक, पाच किलोचं बसत असेल तर तार किलोमागे बरीच स्वस्त पडते. दमट हवेत मात्र बारीक तार गंजते, म्हणून काम संपल्यावर रीळ काढून पिशवीत बंद ठेवायची सवय लावा. टॉर्चची नळी मशीनला कायमची जोडलेली नको, फिरवून काढता येईल अशा युरो जोडाची हवी. टॉर्च झिजतो, गाडीखाली चिरडतो, त्यावर गाडीचं चाकही जातं. (गेलं आहे. विचारू नका.) '१५ नंबर' या साध्या टॉर्चची टिपं (तार बाहेर येते ती टोकं), नोझल, तार सरकते ती आतली लायनर सगळीकडे मिळतात, तोच बरा.

तार घेताना भरीव, तांब्याचा मुलामा असलेली 'ईआर ७० एस-६' मागा. तिच्यात सिलिकॉन आणि मँगनीज थोडं जास्त असतं, त्यामुळे पत्र्यावरचा उरलासुरला मळ ती पचवते. पचवते म्हणजे गंज नव्हे. गंजावर वेल्डिंग होत नाही, एवढं पक्कं धरा.

सिलिंडरची कटकट. ही कटकट खरी आहे, आणि लोक बिनगॅसकडे वळतात ते तिला घाबरूनच, म्हणून मशीन घ्यायच्या आधी तिचा बंदोबस्त करा. तुमच्या जवळपास सिलिंडर कोण भरून देतं, भाड्यानं मिळतं की विकत, ते आधी शोधा. त्यानुसार गॅस ठरेल आणि गॅसनुसार रेग्युलेटर. पातळ पत्र्याला आर्गॉनमध्ये २० टक्के कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण उत्तम. आर्क शांत, ठिणग्या कमी, जोड सपाट. मिश्रणात कार्बन डायऑक्साइड ५ टक्क्यांवर आणलं तर आग आणखी सौम्य होते. निव्वळ कार्बन डायऑक्साइड स्वस्त आणि सहज मिळणारा, पण तो खोल जाळतो, जास्त थुंकतो, आणि जोड उंचवट्यासारखा राहतो, म्हणजे पुढे घासकाम वाढतं. तरी निव्वळ सीओटूवर उत्तम काम करणारे डेंटर मी पाहिलेत. तोच मिळत असेल तर तोच घ्या. बिनगॅसपेक्षा शंभर पटींनी बरा.

किती पुरतो याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला ८ ते १० लिटर गॅस लागतो. १० लिटर मापाचं सिलिंडर १५० बारला भरलं की त्यात १५०० लिटर गॅस मावतो, म्हणजे आर्क सलग पेटता ठेवला तर अडीच तास. तुम्ही अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे टाके मारणार, तर ही दोन दारं, फ्लोअर आणि डिकी होऊन उरेल. याउलट मशीनसोबत हातात धरायची लिटरभराची, एकदा वापरून टाकायची जी बाटली देतात, तिच्यात शंभरेक लिटर असतात. दहा मिनिटांत खलास. त्यातून सांधा थोडा गळत असेल तर रात्रीतच. तिच्यावर शिकायचा प्रयत्न म्हणजे दिवाळखोरी. आणखी एक गंमत: आर्गॉन मिश्रणाचा काटा गॅस संपत जाईल तसा खाली येतो, पण सीओटू सिलिंडरात द्रव असतो, त्यामुळे द्रव संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही. ते किती उरलंय हे वजन करूनच कळतं.

वारा आला की गॅसचं आवरण उडतं आणि जोडात टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसू लागतात. दोन दारं उघडी टाकून मधल्या झोतात बसू नका. पण बंद खोलीतही नको. आर्गॉन हवेपेक्षा जड असतो, तो खड्ड्यात साचतो आणि गुपचूप श्वास अडवतो. गाडीखालच्या खड्ड्यात उतरून वेल्डिंग तर अजिबात करू नका.

विजेचं बघा. ३०-५० अँपिअर हा वेल्डिंगचा करंट झाला. भिंतीतून मशीन त्याच्या कितीतरी कमी ओढतं, त्यामुळे नेहमीच्या १५-१६ अँपिअरच्या पॉवर प्लगवर तुमचं काम सहज चालेल. लांबची वायर ओढणार असाल तर २.५ चौरस मिमीची घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापून वितळते. शिवाय बारीक लांब वायरीत व्होल्टेज पडलं की आर्क फटफट करू लागतो आणि माणूस तासभर सेटिंगला शिव्या घालत बसतो.

मशीनवर सगळे पैसे घालवू नका, एवढं हात जोडून सांगतो. थोडं लहान मशीन घ्या आणि उरलेल्यात आपोआप काळी होणारी चांगली टोपी घ्या, शेड, म्हणजे काचेचा काळेपणा, ९ ते १३ फिरवता येणारी. ज्याला जोड दिसत नाही त्याचा हात कितीही चांगला असून उपयोग नाही. नवशिक्याचे निम्मे वाकडे टाके अंधारात मारलेले असतात. कमी करंटला शेड ९ किंवा १० वर ठेवा, १३ वर ठेवून चाचपडू नका. डोळ्यांची काळजी मात्र पहिल्या टाक्यापासून. 'बघू जरा, एकच टाका' म्हणून उघड्या डोळ्यांनी मारलेला टाका लगेच काही करत नाही. मध्यरात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं, आणि मग झोप नाही. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, चामड्याचे हातमोजे, चामड्याचे बूट. नायलॉन, पॉलिस्टर नको. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं.

ग्राइंडर, १ मिमीची कापायची चकती, फ्लॅप डिस्क आणि चार-पाच घट्ट पकडणारे चिमटे याच यादीत घाला.

मशीन आल्यावर थेट गाडीकडे जाऊ नका. एखाद्या डेंटरकडून टाकून दिलेलं दार किंवा बॉनेट मागून आणा. दुकानातली कोरी पट्टी सरावाला नको, ती बहुतेकदा जाड आणि स्वच्छ असते आणि तुम्हाला खोटा धीर देते. जुन्या दारातून तुकडे कापा, दोन्ही बाजूंचा रंग आणि जस्त घासून पांढरं लोखंड उघडं करा, अर्थिंगचा क्लॅम्प जवळ आणि स्वच्छ धातूवर लावा. टिपाच्या बाहेर तार ६ ते १० मिमी ठेवा. आता कानानं शिका. सेटिंग जमलं की सलग, एकसारखी चरचर ऐकू येते. तार सेकंदाला शंभरेक वेळा पत्र्याला टेकून तुटत असते, तिचा तो आवाज. तार जास्त वेगानं येत असेल तर टॉर्च हाताला मागे ढकलते आणि फटफट आवाज येतो. कमी वेगानं येत असेल तर टोकाला गोळा होऊन टिपाला चिकटते. रोलरचा दाब इतकाच ठेवा, की टॉर्चचं तोंड लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून ट्रिगर दाबला की रोलर तारेवर घसरेल. जास्त आवळलात तर आत तारेचं घरटं तयार होतं आणि अर्धा मीटर कापून टाकावी लागते.

पातळ पत्र्यावर रेघ ओढायची नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. टाका मारा, २५-३० मिमी पुढे जा, दुसरा टाका, मग तिसऱ्या टोकाला. हात लावता येईल इतकं निवलं की मधल्या जागा भरा. असं करत करत टाके एकमेकांना भेटतात आणि शेवटी जोड सलग दिसतो. कंटाळवाणं आहे. पण वितळलेला धातू निवताना आक्रसतो आणि पातळ पत्र्याला सोबत ओढतो. दारावर एका दमात सहा इंच रेघ ओढलीत, तर पत्रा भरलेल्या गोणीसारखा फुगेल आणि वरून कितीही लांबी (पुट्टी) भरलीत तरी उन्हात ती लाट दिसत राहील. दोन तुकड्यांत तारेच्या जाडीएवढी फट ठेवा, मागे तांब्याची जाड पट्टी दाबून धरा. तांबं उष्णता ओढून घेतं आणि पोलाद त्याला चिकटत नाही, त्यामुळे भोक पडायच्या जागीही टाका धरतो. घासतानाही तीच सबुरी, कारण ग्राइंडर एका जागी दाबून धरला तर तोही पत्रा तापवून वाकवतो. दोन तुकडे जोडून झाले की चिमट्यात धरून मुरगळा. टाका उपटून यायला हवा तो सोबत पत्र्याचा तुकडा घेऊन. नुसता टाकाच निघाला तर तो वर चिकटून बसला होता, आत शिरलाच नव्हता.

फ्लोअरसाठी एक सोपी युक्ती. कारखान्यात पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्ड करतात. तुम्ही वरच्या पत्र्याला ६ मिमीची भोकं पाडा, खालच्या पत्र्याला घट्ट चिकटवून धरा, आणि भोकाच्या मध्यातून सुरुवात करत बाहेरच्या कडेपर्यंत भरा. नवशिक्याला हे सर्वांत लवकर जमतं, म्हणून गाडीवरचं पहिलं काम डिकीच्या खळग्याचं करा. तिथे कुणी बघत नाही.

आता आगीचं, कारण घरची गाडी जळते ती या कामात. बॅटरीची दोन्ही टोकं सोडा, आधी निगेटिव्ह. सीट, गालिचा, आवाज दाबायचं काळं अस्तर, वायरिंगचा जुडगा, हे सगळं वेल्डपासून हातभर लांबपर्यंत काढा. फ्लोअरच्या वरून वेल्ड करता तेव्हा पेट्रोलची नळी खालून जात असते, तेव्हा आधी खाली डोकावून बघा. टाकीजवळचं काम टाकी उतरवल्याशिवाय नाही, आणि 'टाकी रिकामी आहे' ही समजूत जास्त धोक्याची, कारण रिकाम्या टाकीत वाफ असते. अग्निशामक हाताशी ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. अस्तर आतल्या आत धुमसतं आणि मागाहून पेटतं. तेलकट पत्रा पुसायला ब्रेक क्लीनर वापरू नका. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरची वाफ आर्कमध्ये फॉसजीन होते, आणि तो विषारी वायू आहे. जस्त चढवलेला पत्रा न घासता वेल्ड केलात तर पांढरा धूर येतो, आणि संध्याकाळी ताप-थंडी भरते. मास्क लावा आणि जस्त आधी घासा.

एका ठिकाणी मी तुम्हाला थांबवणार आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सोलताना गंज सीटबेल्टच्या खुंटीपर्यंत, सस्पेन्शनच्या जागेपर्यंत किंवा चासीच्या लांब नळीपर्यंत गेलेला दिसला, तर ते काम तुमच्या पहिल्या वर्षातलं नव्हे. ते जाणकाराकडे द्या. अलीकडच्या गाड्यांत खांब आणि दाराखालच्या पट्टीच्या आत बोरॉन मिसळलेलं, फार ताकदीचं पोलाद असतं. वेल्डिंगच्या आगीनं त्याची ताकदच निघून जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तुमची गाडी जुनी आहे, बहुतेक साधं पोलाद असेल. तरी स्क्रूड्रायव्हरनं सगळीकडे टोचून गंज नेमका कुठवर गेलाय ते बघा, आणि मगच मशीन घ्यायला जा.

राहिलं दार. उतरवा. बिजागरीच्या बोल्टभोवती आधी मार्करनं रेघ मारून ठेवा, म्हणजे परत बसवताना फटी जुळवत बसावं लागणार नाही. काच आणि आतलं पॅड काढा. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते डाग कधीच जात नाहीत. दार दाजींच्या मशीनवर बनवलेल्या घोडीवर आडवं ठेवा, तळाचा खराब भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, आणि आधी आतली चौकट जोडून मगच बाहेरचा पत्रा घ्या. उलट केलंत तर आतल्या बाजूला हात पोचणार नाही. तळाच्या कडेला तीन-चार छोटी भोकं दिसतील, ती गंजाची समजून बुजवू नका. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून बाहेर जातं. तुमच्या मामांच्या गाडीची ती मातीनं तुंबली असणार, म्हणून तर दार आतून कुजलं. नवा पत्रा बसवताना तीच भोकं त्याच जागी पुन्हा पाडा, आणि रंग वाळल्यावर त्यांतून तार घालून बघा.